मोट कुणी राखली?

नातेपुते आणि भोवतालच्या माळशिरस तालुक्यातल्या पाण्याचा इतिहास बहुधा बांधकामांच्या तारखांनी सांगितला जातो. 1885 साली नीरेचा डावा कालवा पलीकडे बारामती-इंदापूरच्या बाजूला वाहू लागला. 1928 साली भाटघरचे नवे धरण पुरे झाले आणि उजव्या कालव्याचे पाणी फलटण-माळशिरसात आले. 1932 साली सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरच्या कारखान्याची कंपनी काढली आणि 1934 साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापून श्रीपूरच्या कारखान्याचा पाया घातला. या तारखांचे मोल मोठे आहे. पण त्याआधी कित्येक पिढ्या शंभू महादेवाच्या डोंगरांपासून नीरेपर्यंतच्या या कोरड्या पट्ट्यात विहिरीचे पाणी मोटेनेच वर आले, आणि मोट ही एकदा बांधली की संपली अशी वस्तू नव्हती. ती प्रत्येक खेपेला झिजत होती. पाणी वर्षानुवर्षे चढत राहिले याचे श्रेय विहीर खोदणाऱ्याइतकेच ही झीज थोपवणाऱ्यालाही आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याला गाव मोबदला कसा देत होते, हेही इतिहासात नोंदवण्याजोगे आहे. वस्तू फाटली म्हणून पैसे असा तो हिशेब नव्हता. ती चालती राहावी म्हणून वर्षाचे धान्य ठरलेले होते. ही रीत शहाणपणाची होती आणि ती ज्या जातिबंधनात अडकवली गेली ते बंधन अन्यायाचे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

झीज कुठे होत होती हे कळायला मोटेची रचना नीट पाहायला हवी. मोट म्हणजे कमावलेल्या कातड्याची मोठी थैली. वरचे तोंड रुंद आणि लोखंडी कड्यावर ताणलेले, खालच्या बाजूला लांब सोंड. तोंडाला जाड नाडा बांधलेला, तो विहिरीवरच्या उंच चाकावरून बैलांच्या जुवाकडे जाई. सोंडेला बारीक सोल, ती खाली, थारोळ्याच्या म्हणजे पाणी पडण्याच्या कुंडाच्या काठाशी बसवलेल्या आडव्या लाटेवरून सरके. मोट वर येताना सोंड दुमडून तोंडाच्या पातळीला धरलेली राही, म्हणून पाणी सांडत नसे. मोट काठावर आली की सोल सोंडेला थारोळ्यात ओढी आणि माणसाचा हात न लागता पाणी ओतले जाई. मग बैल धावेवरून मागे येत आणि मोट पुन्हा खाली जाई. एका खेपेला साधारण शंभर ते दीडशे लिटर पाणी, आणि दिवसभरात अशा शेकडो खेपा. सगळे यश दोन दोरांच्या लांबीच्या प्रमाणावर उभे होते. सोल ताणून वीतभर वाढली तरी सोंड आधीच खाली झुके आणि निम्मे पाणी परत विहिरीत जाई. चाक कण्यावर डगमगू लागले की नाडा एका बाजूला घासून तिथेच तुटायला येई. कातड्याची शिवण तर सर्वांत आधी सुटे. पाण्यात भिजणे, उन्हात कडक होणे आणि विहिरीच्या खडकाला घासणे, हे तिन्ही मार तिच्यावर एकदम बसत. आजचा कुठलाही कारखान्यातला फिटर हे वर्णन ऐकून ओळखीची मान हलवील, कारण बादल्या लावलेला पट्टा चालवताना त्याला हीच काळजी असते: पट्टा मधोमध चालला पाहिजे, ताण बरोबर हवा, कडा कुठे घासता कामा नये आणि बादलीचे बोल्ट पट्ट्यातून ओरबाडून निघता कामा नयेत.

या झिजेवर गावाने काढलेला एक उपाय सोलापूर जिल्ह्याच्या मातीतूनच आला होता. करडई हे इथले रब्बीचे जुने पीक, ज्वारीच्या पिकात वा बांधाकडेने घेतले जाणारे. तिचे घाण्याचे तेल खाण्यात जाई. पण एकोणिसाव्या शतकातल्या कृषिग्रंथांत तिच्याच बियांच्या आणखी एका तेलाची नोंद आहे. मडक्यात बी भरून ते जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या भांड्यावर उपडे ठेवायचे, वरून गोवऱ्यांची आच द्यायची, म्हणजे खालच्या भांड्यात काळे, चिकट तेल ठिबकते. खायला निरुपयोगी असे हे तेल विहिरीच्या दोरांना आणि पाण्यात राहणाऱ्या कातड्याच्या वस्तूंना चोळण्यासाठी वापरत. यामागचे कारण आज रसायनशास्त्र सांगते. करडईच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण फार मोठे, साधारणपणे सत्तर टक्क्यांहून अधिक असते, आणि अशी तेले हवेत उघडी राहिली की जवसाच्या तेलासारखी सुकून पापुद्रा धरतात. आच लागून काळे झालेले दाट तेल कातड्याच्या छिद्रांत मुरे, पाणी आत शिरू देत नसे आणि उन्हात कातडे तडकण्यापासूनही बरेच वाचे. ज्यांनी ही युक्ती काढली त्यांना हे आम्ल ठाऊक नव्हते, पण कुठले तेल पाण्यात टिकते आणि कुठले धुऊन जाते हे पक्के ठाऊक होते. स्वयंपाकाचे तेल आणि कातड्याचे तेल एकाच बियांतून दोन वेगळ्या रीतींनी काढणारे हे ज्ञान आपल्या शेतीच्या इतिहासात जवळजवळ बेपत्ता आहे, याची मला मनापासून खंत वाटते. लाकडाचीही निवड अशीच होती. चाक आणि कण्यासाठी बाभूळ, कारण ती चिवट आणि घर्षणाला टिकणारी. आणि कातडे कमवायला त्याच बाभळीची साल.

कुणी विचारील, इतकी झीज सोसण्यापेक्षा बादल्यांची अखंड माळ फिरवणारा रहाट का नाही लावला? रहाट महाराष्ट्राला परका नव्हता. कोकणातल्या वाड्यांत रहाटगाडगे पिढ्यानपिढ्या फिरले, कारण तिथे पाणी वरच लागते. देशावर काळ्या दगडात खोल खोदलेल्या विहिरी, आणि पावसाळ्यानंतरच्या काठोकाठ पाण्यापासून चैत्र-वैशाखातल्या तळापर्यंत पातळीत कित्येक पुरुषांचा फरक. गाडग्यांची माळ जितकी लांब तितके तिचे वजन वाढते आणि सांधेही वाढतात. प्रत्येक सांधा ही झिजेची एक नवी जागा. मोटेत झिजणारे भाग थोडे होते आणि नाडा लांब-आखूड करून ती कुठल्याही पातळीला चालवता येई. साताऱ्याजवळ लिंब येथे वीरूबाई भोसले यांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात बांधवलेली बारा मोटांची विहीर पाहिली की मोठ्या कामालाही रहाट न घेता मोटाच वाढवण्याचा कल लक्षात येतो. देशावरच्या शेतकऱ्याने जुने तंत्र कवटाळून ठेवले असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. दुरुस्ती गावातच होऊ शकेल असे तंत्र त्याने निवडले होते. बाहेरच्या जगातही प्रश्न हाच होता. अमेरिकेत ऑलिव्हर एव्हान्स यांनी 1780 च्या दशकात आपोआप चालणारी पिठाची गिरणी उभारली, तिच्यात धान्य वर नेणाऱ्या लहान बादल्या कातडी पट्ट्यावरच लावलेल्या होत्या. पुढे 1890 च्या दशकात टॉमस रॉबिन्स यांनी एडिसन यांच्या लोहखनिजाच्या कामावर पाहिले की खनिजाच्या माऱ्याखाली पट्ट्याचे कापड लवकर झिजते आणि रबराचा पातळ थर त्याहून जास्त टिकतो. त्यांनी पट्ट्याच्या वरच्या अंगाला रबराचा थर जाड केला. झिजायचेच आहे तर मूळ वस्तूऐवजी वरचा थर झिजू द्यावा, हा विचार त्यामागे होता. मोटेच्या शिवणीवर शिवलेली कातड्याची पट्टी हेच काम करी.

आता मूळ मुद्दा, मोबदल्याचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र येते त्यात सुतार, लोहार, चांभार, मांग यांचा वाटा शेताच्या खळ्यावर धान्याच्या रूपाने ठरलेला आहे. बलुत्यांच्या याद्या आणि ओळी गावागणिक बदलत, पण शेतकऱ्याचे ज्याच्यावाचून अडे त्याला वरच्या ओळीचा वाटा, हे सूत्र सगळीकडे दिसते. मोटेभोवती ही सगळी मंडळी गोळा होत. ढोर कातडे कमावी, चांभार शिवण घाली, मांग अंबाडी-तागाचे दोर वळी, सुतार चाक बसवी, लोहार कडे घडवी. बलुते वर्षाचे असे, दुरुस्तीच्या संख्येवर ते अवलंबून नसे. याचा अर्थशास्त्रीय परिणाम महत्त्वाचा आहे. नगावर पैसे घेणाऱ्या कारागिराला वस्तू मोडण्यात फायदा असतो. वर्षाचे ठरलेले धान्य घेणाऱ्याला तिच्या मोडण्यात केवळ जादा काम असते. मोट पक्की शिवली तर त्याचे कष्ट वाचत. वस्तू टिकवण्यात कारागीर आणि शेतकरी दोघांचे हित एकत्र आणणारी ही व्यवस्था होती.

यावर पहिला आक्षेप खुद्द आत्र्यांचाच आहे. बलुतेदारी त्यांना मुळीच आदर्श वाटत नव्हती. ठरलेला वाटा मिळणारच म्हटल्यावर कारागीर काम टाळतात, शेतकऱ्याला खेटे घालायला लावतात आणि खळ्यावर मात्र हजर होतात, अशी त्यांची तक्रार आहे. ती खोटी नाही. पण तिच्यातून एवढेच सिद्ध होते की वार्षिक मोबदल्याला जबाबदारीची जोड लागते. मोबदला नगावर द्यावा, असे त्यातून सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप जास्त खोलवर जातो आणि त्याला उत्तर देताना पळवाट काढता येणार नाही. हा करार दोन मोकळ्या माणसांमधला नव्हता. जो कातडे कमावी त्याच्या मुलालाही कातडेच कमवावे लागे, आणि ज्याच्या हाताने शिवलेल्या मोटेतून मळ्याला पाणी जाई त्याला त्याच गावाच्या पाणवठ्याला शिवू देत नसत. एवढा उघड विरोध दुसरा सापडणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली महाडला पाण्याचा हक्क बजावला आणि 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनांच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडले, तेव्हा गावगाड्याचा हा पायाच त्यांनी प्रश्नात घेतला. पुढे मुंबई राज्याने 1958 साली कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा केला. गावाने मोट झिजू दिली नाही, माणूस मात्र झिजवला. म्हणून बलुतेदारी परत यावी असे कुणी म्हणत असेल तर त्याला माझा विरोध आहे. ज्या माणसांना गावाने कमी लेखले त्यांच्या कौशल्याला इतिहासात जागा द्या, एवढेच माझे मागणे आहे. ती न देणे हा त्याच अन्यायाचा पुढचा भाग ठरेल.

कातड्याच्या जागी पत्र्याची मोट आली, मग तेलावरचे इंजिन आणि विजेचा पंप आला. कालव्याने ऊस वाढवला आणि माळीनगर, श्रीपूर, अकलूज, सदाशिवनगर असे कारखाने तालुक्यात उभे राहिले. तिथे चढवायची वस्तू बदलली. गव्हाणीत पडलेला ऊस, गाळपानंतरचा बगॅस, शेवटी वाळलेली साखर, सारे काही साखळ्या, पट्टे आणि बादल्यांनी वर जाते. उसाबरोबर शेतातली माती-वाळू येते आणि ती कानशीसारखी काम करते. आंबट रस लोखंड खातो. साखरेचा दाणा कठीण असतो आणि दमट हवेत पट्ट्याला चिकटून बसतो. गाळप थांबले की बिनहंगामात सारी यंत्रणा उघडली जाते. चीर पडलेले पट्टे आणि वाकलेल्या बादल्या बदलतात, रोलरचे झिजलेले दात पुन्हा बांधतात. या कामाची सुरुवात कारखान्यात मिल रोलरच्या पूजनाने होते. मोळी टाकण्याच्या समारंभाइतके त्याचे फोटो छापून येत नसतील, पण देखभालीलाच वाहिलेला हा विधी मला फार अर्थपूर्ण वाटतो. बेंदूर-पोळ्याच्या आदल्या दिवशी जुवाने सोललेले बैलाचे खांदे तूप-हळदीने मळण्याची रीत त्याच जातकुळीतली आहे, आणि दोन्हींचा काळही पावसाळ्याच्या आसपासचा, ओढणारा थांबलेला असतानाचा.

मोट आणि कारखाना यांचा असा संबंध जोडणे ओढूनताणून आहे, साखरेचे यंत्र मोटेतून जन्मले नाही, असे म्हटले जाईल. बरोबर आहे, ते परदेशातून आले. मी वंशावळ सांगत नाही. एकाच प्रदेशाने एकाच प्रश्नाला दोनदा दिलेली उत्तरे मी शेजारी ठेवतो आहे, आणि त्यांतला एक दुवा अगदी ठोस आहे. साखर उद्योगासाठी केंद्राने 1957 साली नेमलेल्या वेतन मंडळापासून हंगामी कामगारांना गाळप बंद असतानाही काही भत्ता मिळण्याची पद्धत रुजली. कारखान्यात तिला रिटेन्शन म्हणतात. यंत्र थांबले तरी ते ओळखणारा हात टिकून राहावा, म्हणून दिलेला हा मोबदला आहे. जन्माची सक्ती काढून टाकली आणि माणसाला संघटनेचा, वाटाघाटीचा हक्क दिला, की बलुत्यातले ग्राह्य तत्त्व काय उरते ते इथे दिसते. जिथे हा भत्ता थकवला जातो आणि देखभाल त्या त्या वेळच्या ठेकेदारावर सोपवली जाते, तिथे गावगाड्यातले वाईट तेवढे राहते आणि चांगले जाते.

नातेपुते, धर्मपुरी, फोंडशिरस, दहिगाव या गावांत मोट चालवलेली, दोर वळलेली, कातडे शिवलेली पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असेल. त्यांच्याकडून नाड्याचे पीळ, शिवणीची रीत, तेलाची कृती आणि बलुत्याचे हिशेब लिहून घ्यावेत. कारखान्यांनी बिनहंगामी दुरुस्तीच्या जुन्या नोंदवह्या रद्दीत न घालता जपाव्यात. तालुक्यातली महाविद्यालये हे काम एका उन्हाळ्यात सुरू करू शकतात, आणि ते लांबणीवर टाकण्याइतका वेळ आता उरलेला नाही.