ससे, कोल्हे आणि माळ्यावरची ट्रंक : दुर्मिळ मराठी बालपुस्तकांचा संग्रह

सिन्नर - जुना वाडा उतरवायला काढला, की सागाच्या तुळया, दारांच्या चौकटी आणि तांब्या-पितळेची भांडी यांचा हिशेब सर्वांत आधी होतो. माळ्यावरच्या ट्रंकेतील पुस्तकांचा हिशेब होतो तो किलोवर. त्यातही पोथ्या बाजूला काढल्या जातात, ज्ञानेश्वरी आणि दासबोध देव्हाऱ्याकडे जातात, वैद्यकाची किंवा कायद्याची जाडजूड पुस्तके कोणी तरी मागून नेतो. मागे राहतात ती मुलांची पुस्तके. मुखपृष्ठ गेलेली इसापनीती, कोल्ह्याला पेन्सिलीने मिशा काढलेले पंचतंत्र, वाघाचे चित्र कापून घेतलेला मासिकाचा अंक. रद्दीवाल्याच्या तराजूत पहिली पडतात ती हीच.

वास्तविक पाहता संग्राहकाच्या दृष्टीने या ढिगातील सर्वांत दुर्मिळ वस्तू तीच असते. शंभर वर्षांपूर्वीचा एखादा धर्मग्रंथ आजही सहज मिळतो, कारण तो वाचण्यापेक्षा जपला अधिक गेला. बोलक्या प्राण्यांच्या गोष्टींचे पुस्तक मात्र घरातील चार भावंडांनी वाचले, आतेभावाने नेले आणि धाकट्याने फाडले. ज्या पुस्तकावर मुलांचे प्रेम बसले, त्याच्या प्रती संपल्या. आवृत्त्या निघाल्या खऱ्या, पण पहिल्या आवृत्तीची धड प्रत हाती लागणे अवघड झाले.

प्राणिकथांपासूनच सुरुवात

मराठीत मुलांसाठी पुस्तके छापण्यास प्रारंभ झाला तोच मुळी प्राण्यांच्या गोष्टींपासून, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने सख्खन पंडिताने इसापच्या कथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत आणल्या, त्या १८०६ साली. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यातून (नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे) १८१५ मध्ये वैजनाथ शर्मा यांचा ‘हितोपदेश’ मोडी टाइपात बाहेर पडला. त्यानंतर मुंबईत शाळा निघू लागल्या, क्रमिक पुस्तकांची गरज भासू लागली आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘इसापनीतिकथा’ दिली. त्याच वर्षी त्यांचे ‘बाळमित्र’ही प्रसिद्ध झाले. छत्रे १८३० मध्ये निवर्तले, परंतु त्यांचा इसाप पुढे अनेक दशके शाळांतून वाचला गेला.

मराठीतील १८६७ पर्यंतच्या मुद्रित ग्रंथांना अभ्यासक ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. मुद्रणकला पाळण्यात असतानाचे ग्रंथ, असा त्याचा अर्थ. या काळातील छत्र्यांचा इसाप घरातील ट्रंकेत सापडणे ही लॉटरीच म्हणावी लागेल. सामान्य वाचकाने आपली नजर १९०० ते १९८० या टप्प्यावर ठेवावी. येथे मिळण्यासारखे पुष्कळ आहे आणि वाया जाण्यासारखेही तितकेच.

या टप्प्यात वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेले ‘आनंद’ मासिक येते. १९५२ पासून मराठीत निघू लागलेला ‘चांदोबा’ येतो. विंदा करंदीकरांची १९६१ मधील ‘राणीची बाग’ आणि १९६३ मधील ‘सशाचे कान’ ही पुस्तके येतात. नाशिककरांना जवळचे वाटावे असे नाव म्हणजे देवदत्त नारायण टिळक. लक्ष्मीबाईंच्या या चिरंजीवांनी ‘अ‍ॅलिस’ला मराठी वेश चढवून ‘वेणू वेडगावात’ लिहिले. याच ‘अ‍ॅलिस’चे भा. रा. भागवतांनी केलेले रूप ‘जाईची नवलकहाणी’ या नावाचे आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर एकाच विलायती सशाला दोन मराठी घरांनी कसे वागवले ते पाहायला मिळते. संग्रहाचा खरा आनंद अशा जोड्या जमविण्यात आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

नावावरून मात्र फसू नये. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ हा बोका नसून मुलगा आहे. केवळ नाव वाचून यादी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आवृत्तीचे वय कसे ओळखावे?

बालपुस्तकाचे शीर्षकपान बहुधा गहाळ असते, म्हणजे प्रकाशनवर्ष कळण्याचा सोपा मार्ग बंद. अशा वेळी पुस्तकाच्या अंगावरच्या खुणा वाचाव्या लागतात.

पहिली खूण किमतीची. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. त्यामुळे मलपृष्ठावर किंमत ‘आण्यां’त असेल, तर पुस्तक साधारणतः त्यापूर्वीचे. ‘नये पैसे’ असे छापले असेल, तर १९५७ ते १९६४ या काळातले, कारण १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गळाला. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ते छापील पान १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे समजावे. तत्पूर्वी ‘पुणे २’, ‘मुंबई ४’ असे पत्ते असत. जुन्या पुस्तकांवर वर्ष शके पद्धतीने दिलेले आढळल्यास त्यात ७८ मिळवावेत, म्हणजे इसवी सन मिळतो. जानेवारी ते मार्च या महिन्यांसाठी ७९.

दुसरी खूण अनुस्वारांची, आणि मराठी वाचकाला ती इतर कोणत्याही खुणेपेक्षा अधिक उपयोगी पडते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि व्युत्पत्तीवरून दिले जाणारे अनुस्वार गेले. ‘रानांत’, ‘झाडें’, ‘मुलें’, ‘केलें’ अशी रूपे पानोपानी दिसली, तर पुस्तक त्या नियमांपूर्वी जुळवलेले आहे, असे मानण्यास हरकत नाही. नियम बदलले म्हणून सर्व छापखान्यांनी दुसऱ्या दिवशी अनुस्वार टाकून दिले असे अर्थातच झाले नाही. पुढची काही वर्षे दोन्ही पद्धती नांदल्या. शिवाय जुना मजकूर जसाच्या तसा ठेवून काढलेली अलीकडची पुनर्मुद्रणेही असतात. तेव्हा केवळ अनुस्वारांवर भिस्त ठेवू नये.

तिसरी खूण बोटाला कळते. खिळे जुळवून छापलेल्या पानाच्या मागील बाजूवरून बोट फिरविल्यास अक्षरांचा हलका उठाव जाणवतो. ऑफसेटवर छापलेले पान गुळगुळीत लागते. चित्रांच्या कोपऱ्यातील सहीही पाहावी. दीनानाथ दलाल (निधन १९७१) किंवा रघुवीर मुळगावकर (निधन १९७६) यांची सही असलेले मुखपृष्ठ पुस्तकापासून वेगळे होऊन पडले असेल, तरी ते टाकू नये. कित्येक पुस्तकांची आजची किंमत त्या एका पानात आहे.

हाती असलेल्या पुस्तकाची नोंद ताडून पाहण्यासाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हे पहिले साधन होय. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळाचा, तर दुसरा १९३८ ते १९५० चा आहे. सिन्नरहून हे काम करणाऱ्याला नाशिक जेमतेम तीस किलोमीटर पडते आणि तेथील सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. ठाणे (१८९३) आणि मुंबई (१८९८) येथील मराठी ग्रंथसंग्रहालये हा त्यापुढचा टप्पा.

शिक्का असलेली प्रत

इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत कमी दर्जाची समजली जाते. तेथे कोरी करकरीत, वेष्टनासह असलेली प्रत हवी असते. बीट्रिक्स पॉटर यांनी ‘पीटर रॅबिट’च्या २५० प्रती डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने छापून घेतल्या. त्यांपैकी एखादी लिलावात आली, की पानावरचा डागसुद्धा मोजला जातो. हा मापदंड मराठी बालपुस्तकांना लावणे म्हणजे संग्रह करायचाच नाही, असे ठरविणे आहे.

आपल्याकडे मुलांची पुस्तके टिकली, ती बरीचशी शाळांच्या आणि गावोगावच्या वाचनालयांच्या कपाटांत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदानपात्र वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि नोंदवह्या नीट ठेवल्या जाऊ लागल्या. अशा प्रतीवरील शिक्का, दाखल क्रमांक आणि तारीख हा अनेकदा पुस्तकाच्या वयाचा एकमेव लेखी पुरावा ठरतो. ‘चि. … यास वाढदिवसानिमित्त’ असे शाईने लिहिलेले पानही तसेच. ते खोडू नये वा फाडू नये.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. वाचनालयाने पुस्तक रीतसर बाद केल्याची खूण नसेल, तर ते पुस्तक आजही वाचनालयाचेच आहे. पदपथावर मिळाले म्हणून मालकी बदलत नाही. ते परत करण्याची तयारी नसेल, तर निदान विकत घेऊ नये.

नियतकालिकांच्या बाबतीत घरच्या घरी करून घेतलेली बांधणी घात करते. वर्षाचे बारा अंक एकत्र बांधताना बाइंडर मुखपृष्ठे काढून टाकी आणि कडा कापून घेई. ‘चांदोबा’च्या बाबतीत हे नुकसान मोठे, कारण त्याची मुखपृष्ठे आणि शंकर (के. सी. शिवशंकरन, निधन २०२०) यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रे हेच त्याचे वैभव होते. मासिक २०१३ पर्यंत बंद पडले. तेव्हा सुटे, मुखपृष्ठासह असलेले अंक मिळाले, तर बांधून घेण्याचा मोह टाळावा.

मुंबईचा मोगली, मॉस्कोचे अस्वल

घरातील इंग्रजी पुस्तकांत रुडयार्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’ असण्याचा संभव बराच. १९९३ मध्ये दूरदर्शनवर मोगली घराघरांत पोहोचला, पण पुस्तक त्याआधी एक शतक, १८९४ मध्ये, लंडनच्या मॅकमिलनने काढले. किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात झाला. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग तेथे शिकवीत. पहिल्या आवृत्तीत वडिलांचीही चित्रे आहेत. किपलिंगच्या जुन्या आवृत्त्यांवर गणेशासारखे हत्तीचे मस्तक, कमळ आणि स्वस्तिक अशी मुद्रा असे. जर्मनीत नाझींनी स्वस्तिक बळकावल्यावर १९३० च्या दशकात ते या मुद्रेतून काढून टाकण्यात आले. स्वस्तिक असलेली प्रत सामान्यतः त्याआधीची. आपल्या घरात स्वस्तिकाचे कोणाला नवल वाटत नाही, त्यामुळे ही खूण नेमकी नजरेतून सुटते.

दुसरा मोठा झरा सोव्हिएत संघाचा. मॉस्कोत मराठीत भाषांतरित होऊन तेथेच छापलेली ही पुस्तके लोकवाङ्मय गृहासारख्या संस्थांमार्फत आणि फिरत्या प्रदर्शनांतून अत्यल्प किमतीत मिळत. ‘बाबा जेव्हा लहान होते’ आजही अनेकांच्या स्मरणात आहे. रशियन लोककथांतील अस्वल, लांडगा आणि कोल्हीण (तिकडे हा लबाड प्राणी स्त्रीलिंगी आहे) मराठी मुलांना भेटले ते याच मार्गाने. प्रारंभीच्या पुस्तकांवर प्रगती प्रकाशनाचे, तर १९८२ नंतरच्या बालपुस्तकांवर प्रामुख्याने रादुगा प्रकाशनाचे नाव आढळते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि हा ओघ आटला. या साहित्याच्या चाहत्यांनी पुढे ‘धुक्यात हरवले लाल तारे’ हा माहितीपट केला. चाळिशी-पन्नाशीतील वाचक सध्या सर्वाधिक धांडोळा घेत आहेत तो या पुस्तकांचा, आणि म्हणून त्यांचे भावही सर्वांत वेगाने चढत आहेत.

नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेकडे मात्र अजून फारसे कोणी वळलेले नाही. मिकी पटेल यांची रूपा हत्तिणीची गोष्ट याच मालेतली. ज्याला कमी पैशांत सुरुवात करायची आहे, त्याने येथून करावी.

जपणूक

सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण. पिकाला मारक ठरणारी ही कोरडी हवा कागदाला कोकणातील दमटपणापेक्षा पुष्कळ मानवते. तरीही पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात कागद भाजून ठिसूळ होतो. पुस्तके खालच्या खोलीत, भिंतीपासून थोडी दूर, लाकडी किंवा लोखंडी कपाटात ठेवावीत. कसर आणि वाळवी यांसाठी महिन्यातून एकदा पाने उघडून पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पोथ्यांप्रमाणे स्वच्छ सुती कापडात वेखंडाचा तुकडा घालून गुंडाळण्याची जुनी रीतही चालते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो आणि अक्षरे घेऊन निघतो.

स्कॅन करून इतरांना देण्यापूर्वी कायदा पाहावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. बापू छत्र्यांचा इसाप खुला आहे. विंदा २०१० मध्ये गेले, त्यामुळे ‘राणीची बाग’ २०७० संपेपर्यंत परवानगीशिवाय देता येणार नाही. चित्रकाराचा हक्क वेगळा मोजावा लागतो. ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने स्वतःच संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. कागदी अंक विकत घेण्यापूर्वी त्यांतील गोष्टी आणि चित्रे तेथे पाहून घेता येतात.