रेडिओच्या डायलमागचा दिवा

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ सुरू केला की आधी आवाज येत नसे, आधी उजेड येई. बटण फिरवताच डायलच्या काचेमागे पिवळसर दिवा लागे आणि काचेवर छापलेली स्टेशनांची नावं उजळत. व्हॉल्व्ह तापून आवाज फुटायला अर्धा मिनिट तरी लागे. तोवर घरची मंडळी त्या उजेडाकडे बघत बसत. 'वीज आली आहे, जरा थांबा', असा तो रेडिओचा निरोपच असे.

पण 'वीज आली आहे' हे तीन शब्द वाशीमच्या मुलखात सहजासहजी उच्चारता येत नव्हते. आजचा वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी झाला. त्याआधी तो अकोला जिल्ह्याचा भाग होता. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 मध्ये सुरू झालं, तेव्हा हा सारा भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होता. लहरींना तारा लागत नाहीत, त्या रिसोड-मानोऱ्यापर्यंत आपसूक येतात. रेडिओला मात्र वीज लागते. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची स्थापना 1960 ची. अकोला जिल्ह्यातलं पारसचं औष्णिक वीज केंद्रही साठच्याच दशकातलं. खेडोपाडी खांब पोचायला आणखी बराच काळ जावा लागला.

तोवर खेड्यातला आधार म्हणजे कोरड्या बॅटरीवर चालणारा सेट. अशा बहुतेक सेटांत डायलचा दिवा नसेच. असला तर बटण दाबून धरेपर्यंतच लागे. याचं कारण साध्या हिशेबात आहे. पन्नाशीच्या दशकातल्या 'डीके 96' जातीच्या चार बॅटरी व्हॉल्व्हच्या तारा तापवायला 1.4 व्होल्टवर 125 मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे 0.18 वॅट पुरत. विजेवरच्या सेटातला 6.3 व्होल्ट, 0.15 अँपिअरचा एकटा दिवा जवळजवळ 1 वॅट खाई. चार व्हॉल्व्हच्या तारांच्या पाचपट! बॅटरी महाग. मग उजेडाची चैन कोण करणार? म्हणून कायम उजळलेली डायल ही त्या घरात वीज आल्याची खूण होती.

त्या डायलवर बोटांना सवयीची जागा म्हणजे शॉर्टवेव्हची 25 आणि 41 मीटरची पट्टी. 1952 मध्ये माहिती मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि श्रोते तिकडे वळले. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली ती याच ओढाताणीतून. हे सारं राजकारण त्या दिव्याच्या उजेडात काटा इकडून तिकडे सरकवत लोकांनी अनुभवलं.

आता हे सेट माळ्यावरून खाली येऊ लागले आहेत. दुरुस्तीला घेतल्यावर बहुधा दिव्याची तार तुटलेली सापडते. जुन्या मापाचा दिवा सहज मिळत नाही, म्हणून एलईडी बसवायचा विचार येतो. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी 1962 मध्ये अमेरिकेत बनवला. निळा यायला नव्वदचं दशक उजाडलं. त्याच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी त्या निळ्याचाच वारस. तो तापत नाही, त्यामुळे डायलचं प्लॅस्टिक पिवळं पडत नाही, काचेमागचा रंग सुटत नाही. वीज तर दहाव्या हिश्शाहूनही कमी लागते.

मात्र बदलण्याआधी सेटाची जात ओळखावी. ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटात दिव्याला 6.3 व्होल्टचा एसी प्रवाह मिळतो. त्याचं टोक जवळपास 9 व्होल्टपर्यंत जातं, तर एलईडी उलट दिशेने साधारण 5 व्होल्टच सोसतो. म्हणून सोबत डायोड आणि 330 ओहमसारखा रेझिस्टर हवा. एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या सेटांची गोष्ट वेगळी. त्यांपैकी काहींत दिवा व्हॉल्व्हच्या तारांच्या साखळीतच ओवलेला असतो आणि साखळीचा 100 मिलिअँपिअर प्रवाह त्यातूनच जातो. साधा एलईडी 20 मिलिअँपिअरचा. तो क्षणात जळेल आणि साखळी तुटून सगळा सेट मुका होईल. शिवाय अशा सेटाच्या चासीत थेट मेनचा करंट खेळत असतो. इथे बोट लावणं जिवावर बेतू शकतं. हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावं.

रंगाचाही विचार हवा. निळसर पांढऱ्या उजेडात जुनी डायल दवाखान्यातल्या पाटीसारखी दिसते. पिवळसर छटेचा एलईडी घ्यावा. मूळ होल्डर कापू नये, आणि निकामी दिवासुद्धा पुडीत बांधून सेटातच ठेवावा. पुढे कुणी हा रेडिओ उघडेल, तेव्हा मूळची रचना त्याला कळली पाहिजे. गावात वीज नेमकी कधी आली, याच्या नोंदी दप्तरात सापडतील. पण ती घरात आल्यावर पहिल्यांदा काय उजळलं, हे सांगणाऱ्या वस्तू आता थोड्याच उरल्या आहेत.