अक्षता पडल्यानंतरची प्रेमकथा



आपण पाहिलेले बहुतेक प्रेमपट लग्नाच्या मांडवात संपतात. जुन्या हॉलिवूडमध्ये मात्र असे काही विनोदी चित्रपट निघाले, ज्यांची गोष्टच संसारात सुरू होते. नवरा-बायको भांडतात, वेगळे व्हायला निघतात आणि शेवटी पुन्हा एकमेकांनाच निवडतात.

यामागे थोडा इतिहास आहे. अमेरिकी चित्रपटसृष्टीने १९३० मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता केली आणि १९३४ च्या मध्यापासून ती कडकपणे लागू केली. विवाहाचं पावित्र्य राखा, व्यभिचार आकर्षक करून दाखवू नका, असा तिचा दंडक होता. मग लेखकांनी रुसवा, मत्सर, मनधरणी हे सगळं नवरा-बायकोतच आणलं. रंगतही आली आणि नियमही मोडला नाही! पुढे १९८१ मध्ये स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने यातल्या काही चित्रपटांवर पुस्तक लिहिलं आणि त्यांना 'पुनर्विवाहाचे विनोदपट' म्हटलं.

'द ऑफुल ट्रुथ' (१९३७) मध्ये कॅरी ग्रँट आणि आयरीन डन संशयावरून घटस्फोट घ्यायला निघतात. कोर्टात भांडण कशावरून, तर कुत्रा कोणाकडे राहणार यावरून! घटस्फोट पक्का व्हायला थोडाच वेळ बाकी असतो आणि तेवढ्यात दोघांना उमगतं, की आपल्याला हसवणारं माणूस हेच आहे. या चित्रपटासाठी लिओ मॅकॅरी यांना दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं.

माझा सर्वांत आवडता 'अ‍ॅडम्स रिब' (१९४९). पटकथा रूथ गॉर्डन आणि गार्सन कॅनिन या खऱ्याखुऱ्या जोडप्याची. स्पेन्सर ट्रेसी सरकारी वकील, तर बायको कॅथरिन हेपबर्न त्याच खटल्यात आरोपी स्त्रीची वकील. कोर्टातलं भांडण घरात शिरतं आणि संसार मोडायला येतो. समेट कुठे होतो? करसल्लागाराच्या टेबलाशी! वर्षभराच्या खर्चाचा हिशेब चालू असताना शेतघरावरचं कर्ज फिटल्याचा विषय निघतो आणि नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मी कॉमर्सची, म्हणून मला हे फारच भावलं. दोघांनी मिळून फेडलेला हप्ता ही केवढी मोठी प्रेमखूण आहे!

एक गोष्ट मात्र खटकते. 'द फिलाडेल्फिया स्टोरी' (१९४०) च्या सुरुवातीलाच नवरा बायकोच्या तोंडावर हात ठेवून तिला खाली ढकलतो आणि ते विनोद म्हणून दाखवलंय. मला तिथे हसू येत नाही. हात उगारणं ही हिंसाच, मग ती घराच्या चार भिंतींत का असेना. क्षमा करणं वेगळं आणि मार सोसत राहणं वेगळं, हे आपल्या लेकी-सुनांना आपणच स्पष्ट सांगायला हवं.

तरीही हे चित्रपट मला जवळचे वाटतात. दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीला आपण साऱ्या गावाची क्षमा मागतो, पण रोज समोर ताट वाढतो त्या माणसाशी तेवढं बोलायचं राहून जातं. या चित्रपटांतली जोडपी भांडतात, पण बोलणं थांबवत नाहीत. दोघंही थोडे खाली येतात, म्हणून तर पुन्हा एकत्र येतात.

यंदाच्या क्षमावाणीला पहिली क्षमा घरातच मागून पाहा. आणि जमलं, तर संध्याकाळी दोघं मिळून 'अ‍ॅडम्स रिब' बघा.