चिंध्यांची साखर

चिंध्यांपासून साखर काढतां येते हें ऐकून कोणासहि हंसूं यावें. परंतु १८१९ सालीं फ्रान्समधील नान्सी शहरीं आंरी ब्राकोनो या रसायनज्ञानें तें प्रत्यक्ष करून दाखविलें. जवसाच्या तंतूंच्या जुन्या कापडावर त्यानें तीव्र गंधकाम्ल ओतलें, लगद्यांत पाणी घालून तो उकळला व खडूच्या भुकटीनें आम्ल मारलें. हातीं आली ती द्राक्षांत असते तीच साखर. आणि नवल असें कीं, तिचें वजन मूळ चिंध्यांहून अधिक भरलें! तंतु तुटतांना त्यांत पाणी जडतें, म्हणून हें घडतें.

१८३८ मध्यें पायेन यानें वनस्पतींतील या द्रव्याचा शोध लावला. त्यासच पुढें 'सेल्युलोज' हें नांव मिळालें. साखरेचे कण एकापुढें एक गुंफलेली ती लांबलचक माळच होय. ती तोडण्यास आम्ल समर्थ खरें, पण तें भांडीं खातें आणि तयार साखरेचाहि कांहीं भाग नासवितें. तरीहि दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें लांकडापासून याच मार्गानें साखर व मद्यार्क काढला. युद्धांत खर्चाचा हिशेब कोण मांडतो?

त्याच युद्धांत दक्षिण पॅसिफिकमध्यें अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजूं लागले. सॉलोमन बेटसमूहांतील बूगनव्हिल बेटावर तंबूच्या कापडांत ट्रायकोडर्मा जातीची बुरशी सांपडली. एल्विन रीस यांचें काम कापड वाचविण्याचें. बुरशी कापसाचे तंतु पचवून साखर कशी करते, हा शोध त्यांतूनच वाढला. पुढें मेरी मँडेल्स या विदुषी त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर शत्रु मानलेली ही बुरशी कामास जुंपली गेली. तिला नांवहि रीस यांचेंच मिळालें : ट्रायकोडर्मा रीसी.

पेंढा मात्र चिंधीइतका सोपा नव्हे. त्यांतील सेल्युलोजभोंवतीं लिग्निनचें चिवट कवच असतें. तें आधीं वाफेनें व सौम्य आम्लानें सैल करावें लागतें, मगच बुरशीचा पाचक रस आंत शिरतो. शिवाय त्यांतून निघणारी झायलोज नांवाची शर्करा नेहमींच्या यीस्टला आंबवतां येत नाहीं, ती अडचण वेगळीच.

मराठी मनाला निराळ्याच कारणानें परिचित असलेल्या पानिपत येथें १० ऑगस्ट २०२२ रोजीं इंडियन ऑइलच्या कारखान्याचें उद्घाटन झालें. वर्षास सुमारें २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन ३ कोटि लिटर इथेनॉल काढावें, अशी ती योजना. तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचें. भातकापणी व गव्हाची पेरणी यांमध्यें तेथील शेतकऱ्याच्या हातीं जेमतेम दोनतीन आठवडे असतात. तेवढ्या अवधींत यंत्रानें कापून शेतभर विखुरलेला, वजनानें हलका पण जागा अडविणारा पेंढा उचलला न गेल्यास काडी ओढली जाते, आणि धुराचे लोट दिल्लीपर्यंत पोंचतात.