सरासरीच्या पडद्याआड : दोन प्रसंगांचा विचार

कोष्टकातील आकडे पडताळून पाहण्याची शिस्त आपल्या संशोधनात चांगली रुजली आहे. कोष्टकाचे रकाने कोणी आखले हे पाहण्याची मात्र तितकीशी रुजलेली नाही. कर्ज, नोकरी, पोलीस-तपास अशा व्यवहारांत संगणकीय विदेवरून निर्णय होऊ लागले असता हा प्रश्न केवळ सांख्यिकीचा राहत नाही. तो सत्तेचा होतो. अमेरिकेतील दोन प्रसंगांच्या आधारे त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिला प्रसंग १९७६ सालचा. जनरल मोटर्स कंपनीविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी मिसूरी राज्यातील संघीय न्यायालयात दाद मागितली होती. १९६४ पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते; पुढे मंदीत सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली, तेव्हा १९७० नंतर लागलेल्या सर्व कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी गेली. नियम वरकरणी सर्वांस सारखा होता. परंतु ज्यांना दारच उशिरा उघडले गेले, त्याच आधी बाहेर पडणार हे उघड होते. न्यायालयाने लिंगभेदाचा दावा फेटाळला, कारण कंपनीत स्त्रिया पूर्वीपासून होत्या. त्या गौरवर्णीय होत्या, ही गोष्ट गौण ठरली. वर्णभेदाच्या तक्रारीसाठी दुसऱ्या दाव्याची वाट दाखविण्यात आली. वर्ण आणि लिंग यांचा एकत्रित दावा न्यायालयाने मानला नाही.

या निकालाची मीमांसा किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली केली आणि आंतरछेदिततेची संकल्पना मांडली. वर्णाचा अन्याय अधिक लिंगाचा अन्याय अशी ही बेरीज नव्हे. दोन्ही जेथे छेदतात तेथे निराळाच अन्याय उत्पन्न होतो, आणि दोन स्वतंत्र रकान्यांपैकी कोणत्याही एकात तो मावत नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय.

दुसरा प्रसंग २०१८ सालचा. जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरविणाऱ्या तीन व्यापारी प्रणालींची परीक्षा घेतली. प्रचलित चित्रसंचांपैकी दोहोंत उजळ वर्णाचे चेहरे अनुक्रमे ७९.६ व ८६.२ टक्के आढळले. म्हणून त्यांनी आफ्रिका व युरोप खंडांतील सहा देशांच्या संसद-सदस्यांची १,२७० छायाचित्रे जमवून नवा संच सिद्ध केला. आयबीएमच्या प्रणालीची एकंदर अचूकता ८७.९ टक्के भरली. परंतु वर्ण व लिंग एकत्र धरून आकडे मांडताच उजळ पुरुषांच्या बाबतीत चुका ०.३ टक्के, तर गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्के निघाल्या. १९७६ च्या निकालातील न्याय यंत्राने जणू पुन्हा दिला होता; या वेळी मात्र तो उघडकीस आणणारे कोष्टक कोणीतरी आखले.

यावरून केवळ गणना सुधारली की अन्याय मिटतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ज्या समाजावर पोलिसांची करडी नजर आधीच आहे, त्याचे चेहरे अधिक अचूक ओळखले गेल्याने त्याचे भले होईलच असे नाही. शिवाय या परीक्षेतही लिंगाचे रकाने दोनच होते. कॅथरीन डिग्नाझिओ व लॉरेन क्लाइन यांनी २०२० च्या ‘डेटा फेमिनिझम’ या ग्रंथात सत्तेच्या परीक्षणाला अग्रस्थान दिले, ते याच कारणाने. विदा कोणी जमविली, कोणाविषयी जमविली आणि लाभ कोणाच्या पदरात पडला, हे प्रश्न अचूकतेच्या आधी येतात.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा विचार सर्वस्वी परका वाटू नये. पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी करताना जात व लिंगभाव यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हेच प्रतिपादिले होते. आपल्या सर्वेक्षणांत ‘स्त्रिया’ आणि ‘अनुसूचित जाती’ असे दोन स्वतंत्र तक्ते देऊन आपण थांबतो, तेव्हा दलित स्त्री दोन्ही तक्त्यांत मोजली जाते आणि दोहोंतही दिसेनाशी होते. प्रबंधास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याने रकाने आखतानाच हे ध्यानी घ्यावे. आकडे भरून झाल्यावर फार उशीर झालेला असतो.