पाण्यातल्या पंचेचाळिसाचा मागोवा

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. या आकड्याचं मूळ अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतांवरच्या विहिरींत सापडतं.

तिथले डॉक्टर हंटर कॉमली यांच्याकडे निळी पडलेली तान्ही बाळं आली. त्यांचं वरचं दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं होतं. १९४५ मध्ये कॉमलींनी कारण मांडलं: नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि बाळाचा प्राणवायू तुटतो. बाळाच्या पाण्यात नायट्रेटरूपी नायट्रोजन लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, फार तर २०, असं त्यांनी सुचवलं. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अशा २७८ रुग्णांची नोंद छापून आली. त्यांतली ३९ बाळं दगावली होती. ज्यांच्या विहिरींचं पाणी तपासलेलं होतं, त्यांत दहाच्या आतला एकही रुग्ण नव्हता. १० मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. १९६२ मध्ये अमेरिकेने हीच मर्यादा ठरवली.

म्हणजे हा आकडा बाळांना तडकाफडकी होणाऱ्या आजारावरून आला. वर्षानुवर्षं तेच पाणी पिणाऱ्या मोठ्या माणसांचा विचार त्यात नव्हता. तो पुढे सुरू झाला. डेन्मार्कमधल्या सुमारे २७ लाख लोकांच्या नोंदींवरच्या २०१८ च्या अभ्यासात, लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या आसपासच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. असा संबंध म्हणजे सिद्ध झालेलं कारण नव्हे, पण ४५ च्या आत सगळं सुरक्षित, असं म्हणण्याचा आधार तो नक्कीच काढून घेतो.

दरम्यान युरिया शेतोशेती पोहोचला. पिकाने न उचललेलं नायट्रेट पावसाबरोबर विहिरीत झिरपतं. गोठ्याचं आणि शौचखड्ड्याचं पाणीही त्यात भर घालतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नमुने ४५ च्या वर होते.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. टीसीएल पावडरने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. उकळलं तर पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून गावच्या स्रोताच्या तपासणीत नायट्रेटचा आकडा मागून घ्यायला हवा. तो ४५ च्या वर असेल, तर ते पाणी बाळाच्या दुधात जाता कामा नये. आत असेल, तरी दरवर्षी वाढतोय का, हे ग्रामसभेत विचारलंच पाहिजे.