सार्वजनिक घराचं दार

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे आले होते. किल्ले झाले, म्युझियमं झाली, समुद्र झाला. जायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना आमच्या गावच्या चौकातल्या जुन्या पबमध्ये जेवायला नेलं. काळ्या पडलेल्या लाकडी तुळया, डोकं आपटेल एवढं बुटकं दार, कोपऱ्यात शेकोटी. अगदी चित्रातला इंग्लंड! दोघांना टेबलावर बसवलं आणि मी गाडी पार्क करायला गेलो. पार्किंग मिळेपर्यंत पंधरा मिनिटं गेली.

परत आलो तर बाबांचा चेहरा लाल. बाबा निवृत्त मुख्याध्यापक, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. म्हणाले, "उद्धट माणसं आहेत. पंधरा मिनिटं झाली, कुणी साधं पाणी विचारलं नाही."

आई म्हणाली, "मला तर फार आवडलं. कुणी 'काय पाहिजे' म्हणून मागे लागत नाही. त्या आजी बघ, विणत बसल्यात. तो कुत्रा झोपलाय. देवळाच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटतंय."

एकच टेबल, तीच पंधरा मिनिटं आणि दोन उलट मतं! आता खरा प्रकार असा, की पबमध्ये वेटर टेबलापाशी येत नाही. आपणच काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची, पैसे द्यायचे. हे कुठेही लिहिलेलं नसतं. यूझर मॅन्युअल नसलेली सिस्टीमच म्हणा ना! इथल्या मानववंशशास्त्रज्ञ केट फॉक्स यांनी १९९६ मध्ये खास परदेशी पर्यटकांसाठी पबच्या रीतिरिवाजांचं एक छोटं पुस्तक लिहिलं, यावरून बाबा एकटे नाहीत हे लक्षात येईल.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला. एकाच पबबद्दल पाहुण्यांची इतकी वेगळी मतं का होतात? वाचत गेलो आणि कळलं की हा वाद दोनशे चाळीस वर्षं तरी जुना आहे.

१७८२ मध्ये कार्ल फिलिप मॉरिट्झ नावाचा जर्मन तरुण इंग्लंड बघायला आला. घोडागाडीचा खर्च टाळून तो पायी निघाला, खिशात मिल्टनचं पुस्तक घेऊन. त्या काळी पायी फिरणारा माणूस म्हणजे भिकारी किंवा भामटा असा समज होता. विंडसरच्या बाजूला खानावळवाल्यांनी त्याला असं काही वागवलं की तो वैतागला. पुढे नेटलबेड गावात त्याला जागा मिळाली, पण धुळीने भरलेले बूट पाहून त्याला स्वयंपाकघरात बसवलं. दुसऱ्या दिवशी तो स्वच्छ कपडे घालून खाली उतरला, तर त्याच घरात त्याला दिवाणखान्यात नेलं आणि कालच्या 'मास्टर'चा आज 'सर' झाला! पुढे एका मध्यरात्री, वाटेत भेटलेल्या एका पाद्र्याबरोबर तो ऑक्सफर्डच्या मायटर नावाच्या खानावळीत पोचला. तिथे बरेच धर्मोपदेशक बिअरचे पेले समोर ठेवून बसले होते. त्यांच्याबरोबर बायबलवर गप्पा मारता मारता पहाट झाली.

याच्या सहाच वर्षं आधी, १७७६ मध्ये, शब्दकोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन आपला मित्र बॉस्वेल याला सांगत होते, की माणसाने सुखासाठी जे काही निर्माण केलं त्यात चांगल्या खानावळीची बरोबरी कशालाच येणार नाही. जॉन्सन लंडनचे नावाजलेले गृहस्थ, त्यांना दार आपोआप उघडत होतं. मॉरिट्झचं मत मात्र रोज बदलत होतं, कारण त्याच्यासाठी उघडणारं दार रोज बदलत होतं.

हे दार, मंडळी, फार महत्त्वाचं. पब म्हणजे 'पब्लिक हाउस', सार्वजनिक घर. पूर्वी इथे तीन प्रकार होते. प्रवाशांना मुक्कामाला जागा देणारी 'इन', वाइन विकणारी 'टॅव्हर्न' आणि घरच्या घरी बिअर करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकणारं 'एलहाउस'. १५५२ च्या कायद्याने एलहाउसला न्यायाधीशांचा परवाना सक्तीचा झाला. १८३० च्या कायद्याने पुन्हा मोकळीक दिली. दोन गिनी भरा आणि आपल्या घरात बिअर विका. हजारो लोकांनी घराच्या पुढच्या खोलीतच धंदा मांडला. पबला आजही घराची कळा आहे ती उगाच नाही.

पण घर म्हटलं की कुणाला ओटीवर बसवायचं आणि कुणाला आत घ्यायचं हे आलंच. आपल्याला हे कुणी शिकवायला नको. व्हिक्टोरियन पबच्या आत भिंती उभ्या राहिल्या. मजुरांसाठी साधा 'पब्लिक बार', पांढरपेशांसाठी गालिचा घातलेला आणि थोडा महाग 'सलून बार', आणि कुणाच्या नजरेत न येता बसायला, बहुतेक वेळा बायकांसाठी, नक्षीदार काचेआडचा 'स्नग'. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एल व्हिनो या वाइन बारमध्ये तर बायकांना काउंटरपाशी उभं राहून पेय मिळत नसे. दोन स्त्रिया कोर्टात गेल्या, आणि १९८२ मध्ये अपील कोर्टाने ही प्रथा बेकायदा ठरवली.

आणि आपण? आपल्या मंडळातले एक काका १९६४ मध्ये इथे आले. आता ऐंशी ओलांडली आहे. आई-बाबांची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले, मग शांतपणे म्हणाले, "तुझ्या बाबांना पंधरा मिनिटं कुणी विचारलं नाही. मला लगेच विचारलं. 'तुमच्यासाठी ही खोली नाही' म्हणाले. त्यानंतर वीस वर्षं मी कुठल्याच पबची पायरी चढलो नाही."

काका सांगत होते तो काळ नोंदलेला आहे. १९६४ मध्ये ब्रिस्टलच्या बे हॉर्स पबमध्ये पॉल स्टीफन्सन या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याला निघून जायला सांगितलं. तो उठला नाही, तेव्हा पोलिसांनी त्याला अटक केली. पण कोर्टात खटला टिकला नाही. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये काही पबच्या ठरावीक खोल्यांत फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. तिथल्या भारतीय कामगार संघटनेने याविरुद्ध लढा दिला. १२ फेब्रुवारी १९६५ ला माल्कम एक्स हे सगळं बघायला स्मेदिकला येऊन गेले, आणि नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस वंशभेदविरोधी पहिला कायदा आला आणि पब, हॉटेलं यांसारख्या जागी रंगावरून माणसाला नाकारणं बेकायदा झालं. नोकरी आणि घर यांना हे संरक्षण १९६८ मध्ये मिळालं.

आज त्याच स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमिच भागात पंजाबी मालकांचे 'देसी पब' आहेत. तिथे तंदुरी मिक्स्ड ग्रिल आणि बिअर घेऊन गोरे-सावळे सगळे एकत्र बसतात.

लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये एका वृत्तपत्रात आपल्या आदर्श पबचं वर्णन केलं आणि शेवटी कबूल केलं की असा पब अस्तित्वातच नाही. मला वाटतं, प्रत्येकाच्या मनातला पब वेगळा, कारण प्रत्येक जण वेगळ्या दाराने आत गेलेला. पब छान की वाईट असं कुणी मला विचारलं, तर मी आता आधी विचारतो, तुम्ही गेलात तेव्हा आत कुणी काय म्हणालं?

जायच्या आदल्या दिवशी बाबाच म्हणाले, "चल, तुझ्या त्या ओसरीवर जाऊ." या वेळी ते स्वतः काउंटरपाशी गेले. तिथे रांग दिसत नाही, पण कोण कुणाच्या आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. बारमागच्या मुलीने शेजारच्या गोऱ्या आजोबांना विचारलं, तर त्यांनी बाबांकडे हात केला, "हे माझ्या आधी आलेत."

बाबांनी मुख्याध्यापकी इंग्रजीत तीन लेमोनेड मागवली. टेबलाशी येऊन म्हणाले, "बरी आहेत रे माणसं."

भारतात परतल्यावर त्यांनी फोनवर पहिली चौकशी काकांची केली. "ते जातात का रे आता पबमध्ये?"

म्हटलं, "येत्या रविवारी मी घेऊन जाणार आहे."